समुद्रातील तेलविहीर : पोलाद, पाणी आणि परवाना

इयत्ता दहावीला १९७३ चे अरब-इस्रायल युद्ध शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बॉम्बे हायचे तेल समुद्राच्या खाली आहे, तर ते पाण्यात मिसळत कसे नाही?" प्रश्न विज्ञानाचा होता आणि मी इतिहासाचा शिक्षक. तरीही तो प्रश्न मी टाळला नाही. आपल्या शाळेतून बाहेर पडून आयटीआय केलेले वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन कंत्राटी कामासाठी समुद्रात जातात. त्यांच्या आईवडिलांना ते काम नेमके कसे असते याची कल्पना नसते. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठीच आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. १९७३ च्या युद्धानंतर काही महिन्यांतच जगात कच्च्या तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. भारत आपल्या गरजेचे बहुतांश तेल बाहेरून आणत होता. अशा वेळी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या रिगला तेल लागले. या क्षेत्राचे भूकंपलहरींच्या साहाय्याने सर्वेक्षण १९६० च्या दशकातच सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने झाले होते. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल टँकरने किनाऱ्यावर येई. पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत पाइपलाइन टाकण्यात आली.

'सागर सम्राट' ही जॅक-अप प्रकारची रिग होती. अशी रिग तरंगत जागेवर नेतात, तिचे लांब पोलादी पाय समुद्रतळावर टेकवतात आणि त्या पायांवर संपूर्ण तराफा लाटांच्या वर उचलतात. येथे पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे, म्हणून हे शक्य झाले. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे तळावर काम करणाऱ्या पाणबुड्यावर पृष्ठभागाच्या साडेआठपट दाब असतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. तेल समुद्रतळाखाली एक किलोमीटरहून अधिक खोल, चुनखडीच्या सूक्ष्म छिद्रांत साठलेले असते. त्याच्यावरील अभेद्य खडक झाकणासारखे काम करतो. विहीर खणताना पोलादी नळ्या एकात एक बसवतात आणि नळी व खडक यांमधील पोकळी सिमेंटने भरतात. त्यामुळे तेलाला नळीखेरीज वाट उरत नाही. खणताना एक जड द्रव सतत आत सोडतात. कामगार त्याला 'मड' म्हणतात. तो ड्रिलचे पाते थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने खालच्या वायूचा दाब थोपवून धरतो. त्याचे वजन कमी पडले, तर वायू उसळून वर येतो. त्या प्रसंगासाठी विहिरीच्या तोंडाशी प्रचंड ताकदीच्या झडपा बसवलेल्या असतात.

तेल लागल्यावर रिग पुढे जाते आणि कायमचा प्लॅटफॉर्म उभा राहतो. त्याचा खालचा पोलादी सांगाडा किनाऱ्यावर तयार करून बार्जवर नेतात, समुद्रात उभा करतात आणि त्याच्या पायांतून लांब खांब तळात ठोकून तो पक्का करतात. खारे पाणी पोलाद खाते. म्हणून सांगाड्याला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे जोडतात. गंज आधी ठोकळ्यांना लागतो आणि सांगाडा वाचतो.

एवढी सिद्धता असूनही दुर्घटना का घडतात? दोन घटना पाहू.

६ जुलै १९८८ रोजी ब्रिटनच्या उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा' प्लॅटफॉर्मवर एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढली होती. दिवसपाळीने तशी नोंद केली होती. परंतु तो कागद रात्रपाळीच्या हाती आला नाही. दुसरा पंप बंद पडताच त्यांनी हा पंप सुरू केला. गळतीतून स्फोट झाला. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून येणाऱ्या वायूने आग भडकतच राहिली. १६७ माणसे मृत्युमुखी पडली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १०६ शिफारशी केल्या.

२७ जुलै २००५ रोजी, मुंबईत महापूर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमी स्वयंपाक्याला उतरवण्यासाठी आले. पावसाळी लाटांत ते प्लॅटफॉर्मकडे ओढले गेले आणि तळापासून वर येणाऱ्या वायूच्या उभ्या नळीवर, म्हणजे रायझरवर, आदळले. आग लागली आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. ३८४ जणांपैकी २२ जणांनी प्राण गमावले.

दोन्ही घटनांत एक साम्य आहे. आगीला इंधन दुरून, नळीतून येत होते. प्लॅटफॉर्मवरील झडप बंद केली तरी नळीत साठलेला वायू तसाच राहतो. म्हणून रायझर जहाजांच्या वाटेपासून दूर, संरक्षित जागी असावा आणि त्याच्या प्रवाहाला संकटकाळी आपोआप बंद होणारी झडप असावी, हे यातून शिकावयाचे. भारतात २००८ मध्ये समुद्रातील तेलकामांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र नियम करण्यात आले.

तथापि नियम पाळावयाचे असतात माणसांनीच. म्हणून समुद्रावर निघालेल्या आपल्या मुलाला, भावाला पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण मिळाले का? भोंगा वाजल्यावर कोठे जमावयाचे, ते प्रत्यक्ष चालून पाहिले का? काम सुरू करण्यापूर्वी लेखी परवाना स्वतः वाचतोस का, की मुकादम सांगतो म्हणून सही करतोस? मागच्या पाळीने काय अर्धवट सोडले, हे विचारतोस का? धोका दिसल्यास काम थांबवण्याचे धैर्य आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कंत्राटी कामगाराला उद्याचे काम जाण्याची भीती असते, हे मी जाणतो. पण पायपर अल्फावर एक कागद वाचला गेला असता, तर तो पंप सुरूच झाला नसता. लिहिता-वाचता येणे म्हणजे नोकरी मिळणे, असे आपण मुलांना सांगत आलो. समोर आलेला कागद समजेपर्यंत त्यावर सही न करणे हेही त्याच शिक्षणाचे अंग आहे. ते आपण वर्गातच शिकवावयास हवे.