आपली बोलणी आपल्यातच : ब्राउझरमधल्या कूटबद्ध चॅटची कृती

धरमतर खाडीच्या एका काठाला पेण तालुक्यातली वडखळ-डोलवी, दुसऱ्या काठाला अलिबाग तालुक्यातली शहाबाज-पोयनाड. या खारेपाटात जमिनीचा प्रश्न कधीच जुना झाला नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९पर्यंत चालवला. महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी, २१ सप्टेंबर २००८ रोजी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेणच्या २२ गावांत सरकारला भूसंपादनावर शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. आता विरार-अलिबाग मार्गिकेच्या भूसंपादनाची चर्चा आहे. भाव किती मागायचा, कोण अडून आहे, कोण डळमळतो, हे दलालाला आधी कळले की एकी मोडते. म्हणून गटाची बोलणी गटातच राहायला हवीत.

रोजच्या निरोपांना सिग्नल किंवा व्हॉट्सअॅप पुरते. व्हॉट्सअॅपवरचे वैयक्तिक संदेश एप्रिल २०१६पासून दोन्ही टोकांना कूटबद्ध असतात. पण फोन नंबर न देता, स्वतःच्या सर्व्हरवर, साध्या ब्राउझरमधून पाच-सात जणांना बोलायचे असेल, तर पुढील कृती करता येते. गावातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला जावास्क्रिप्ट येते, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे.

साहित्य

• ट्वीटनॅकल-जेएस ही लायब्ररी, आवृत्ती १.०.३. ती आकाराने लहान आहे आणि २०१७ साली क्युअर५३ या संस्थेने तिची सुरक्षा तपासणी केलेली आहे.
• नोड.जेएस चालणारा छोटा सर्व्हर आणि त्यावर वेबसॉकेटचे मॉड्यूल.
• स्वतःचे डोमेन आणि एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र मोफत मिळते.
• प्रत्येक सदस्याचा फोन, अद्ययावत ब्राउझरसह.

कृती

१. काय लपणार आणि काय नाही, हे गटाला आधी सांगा. संदेशातला मजकूर लपतो. कोण कोणाशी किती वाजता बोलले, हे सर्व्हरला दिसते. सदस्यानेच स्क्रीनचा फोटो काढून बाहेर दिला, तर कोणतेही गणित त्याला अडवत नाही. हे ज्यांना पटेल त्यांनाच गटात घ्या.

२. लायब्ररी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. फाइल उतरवून घ्या, आवृत्ती पक्की करा आणि पानात तीच जोडा. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून दर वेळी आणू नका, कारण तिथे बदल झाला तर तो तुमच्या गटाच्या फोनवर आपोआप पोचेल. सर्व्हरच्या उत्तरात कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचा हेडर लावा आणि फक्त स्वतःच्या डोमेनवरच्याच स्क्रिप्ट चालू द्या.

३. प्रत्येक फोनवर किल्ल्यांची जोडी तयार करा. लायब्ररीतले ‘बॉक्स.कीपेअर’ हे फंक्शन चालवले की ३२ बाइटची सार्वजनिक किल्ली आणि ३२ बाइटची खासगी किल्ली मिळते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरला द्या. खासगी किल्ली फोनबाहेर उघडी जाता कामा नये. यादृच्छिक बाइट लागतील तिथे लायब्ररीचेच ‘रँडमबाइट्स’ वापरा, ‘मॅथ.रँडम’ कधीही नाही, आणि मिळालेल्या बाइटांवर आपले काही प्रयोग करू नका. क्रिप्टोकॅट या ब्राउझरमधल्या प्रसिद्ध चॅटमध्ये २०१३ साली असाच दोष सापडला होता. किल्लीच्या प्रत्येक भागात मोठ्या पल्ल्यातली कोणतीही संख्या यायला हवी होती. प्रत्यक्षात ० ते ९ एवढेच अंक येत होते. त्यामुळे सामूहिक गप्पांच्या किल्ल्या फोडण्याजोग्या झाल्या. कूटबद्ध करण्याची पद्धत चांगली होती, बियाणेच खराब होते.

४. खासगी किल्ली पासवर्डने बंद करून ठेवा. ब्राउझरमधल्या वेब क्रिप्टोची पीबीकेडीएफ-२ ही सोय घ्या. १६ यादृच्छिक बाइटचे सॉल्ट, एसएचए-२५६ आणि ६ लाख आवर्तने देऊन पासवर्डपासून ३२ बाइट काढा. त्या बाइटांनी ‘सीक्रेटबॉक्स’ वापरून खासगी किल्ली बंद करा आणि इंडेक्स्डडीबीमध्ये साठवा. वेब क्रिप्टो फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवरच चालते, हे लक्षात ठेवा. आयफोनच्या सफारीत वापर न झालेल्या साइटचा असा साठा सात दिवसांनी पुसला जाऊ शकतो. म्हणून सदस्यांना पान होम स्क्रीनवर जोडायला सांगा आणि बंद केलेल्या किल्लीची एक प्रत वेगळी जपायला सांगा.

५. किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे का, हे समोरासमोर ताडा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची. सर्व्हर ज्याच्या ताब्यात, तो एखाद्या सदस्याच्या सार्वजनिक किल्लीच्या जागी स्वतःची किल्ली देऊ शकतो. तसे झाले तर सगळे संदेश त्याला वाचता येतील आणि गटाला पत्ताही लागणार नाही.

त्यासाठी सार्वजनिक किल्लीवर लायब्ररीचे ‘हॅश’ फंक्शन चालवा. ते एसएचए-५१२ आहे आणि ६४ बाइट देते. त्यांतले पहिले ३० बाइट घ्या आणि त्यांचे पाच-पाचांचे सहा गट करा. प्रत्येक गटाची एक मोठी संख्या करून तिला १ लाखाने भागा आणि बाकी पाच अंकांत मांडा, लागल्यास पुढे शून्ये लावून. पाच बाइटची संख्या ब्राउझरमध्ये अचूक मावते. मात्र बिटवाइज क्रिया वापरू नका, त्या ३२ बिटांतच चालतात. असे पाच अंकी सहा आकडे देवनागरीत पडद्यावर दाखवा. एकाने आपल्या फोनवरचे आकडे मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने आपल्या फोनवर त्याच्या नावापुढे दिसणारे आकडे जुळवावेत. तीस अंकांची ओळख बनावट किल्लीने जुळवून आणणे व्यवहारात अशक्य आहे.

मोठमोठ्या कंपन्यांच्या चॅटमध्ये हीच पायरी लोक टाळतात, कारण बोलणारी माणसे एकमेकांपासून दूर असतात. खारेपाटात उलट आहे. वडखळच्या नाक्यावर, पोयनाडच्या बाजारात, ग्रामसभेत माणसे भेटतातच. मोठ्या शहरात जे अवघड, ते आपल्याकडे सहज जमते. म्हणून इथे सवलत देऊ नका. ज्याचे आकडे जुळवलेले नाहीत, त्याला संदेश जाऊच नये, अशी अट प्रोग्रॅममध्येच घाला.

६. संदेश कूटबद्ध करा. मजकूर ‘टेक्स्टएन्कोडर’ने यूटीएफ-८ बाइटांत बदला. त्यातच पाठवणाऱ्याचे नाव, वेळ आणि वाढता क्रमांक घाला. ‘बॉक्स’ची गुप्त किल्ली दोन्ही बाजूंना सारखीच असते. म्हणून नाव आत नसेल, तर तुमचाच संदेश समोरच्याचा म्हणून तुमच्याकडे परत पाठवता येतो.

मग लांबी सारखी करा. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्यामुळे ‘हो’ ६ बाइटचे आणि ‘नाही’ १२ बाइटचे होते. ‘बॉक्स’ त्यात फक्त १६ बाइटची खूण वाढवते, म्हणजे मजकूर न उघडताही कोण हो म्हणाले आणि कोण नाही, हे लांबीवरून कळते. जमिनीच्या प्रश्नावर गटाचे मत घेताना हे परवडणार नाही. सुरुवातीला २ बाइटांत खरी लांबी लिहा आणि शेवटी शून्ये भरून संदेश २५६च्या पटीत न्या.

आता २४ बाइटचा नवा नॉन्स (एकदाच वापरायचे यादृच्छिक बाइट) काढा आणि ‘बॉक्स’ फंक्शनला संदेश, नॉन्स, घेणाऱ्याची सार्वजनिक किल्ली आणि आपली खासगी किल्ली द्या. नॉन्स गुप्त नसतो, पण तो पुन्हा कधी वापरायचा नसतो. नॉन्स आणि कूटबद्ध बाइट जोडून बेस६४मध्ये पाठवा. गटासाठी प्रत्येक सदस्याला वेगळा नॉन्स घेऊन वेगळे पाकीट करा. पाच-सात जणांसाठी हे काम क्षणात होते.

७. सर्व्हरला तीनच कामे द्या: पाकीट घेणे, पोचवणे, पुसणे. घेणारा ऑफलाइन असेल तेवढाच वेळ ते ठेवा. पाकिटांची नोंद ठेवू नका.

८. संदेश उघडा. ‘बॉक्स.ओपन’ने ‘नल’ दिले, तर पाकिटात फेरफार झाला आहे किंवा किल्ली चुकीची आहे. तसा संदेश दाखवू नका, इशारा द्या. आतले नाव पाठवणाऱ्याशी जुळते का, क्रमांक आधी येऊन गेलेला नाही ना, हे पाहा. मजकूर पानावर ‘टेक्स्टकंटेंट’ने टाका. ‘इनरएचटीएमएल’ वापरले, तर संदेशातून आलेली स्क्रिप्ट चालून किल्ली चोरीला जाऊ शकते.

९. वापराआधी तपासा. एकाच संगणकावर दोन ब्राउझर उघडा आणि डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क भागात संदेश वाचता येतो का ते पाहा. पाकिटातले एक अक्षर बदलून पाठवा, ते नाकारले गेले पाहिजे. तेच पाकीट दोनदा पाठवा, दुसरे नाकारले गेले पाहिजे. ‘हो’ आणि ‘नाही’ पाठवा, दोन्ही पाकिटांची लांबी सारखीच आली पाहिजे. यांतले एकही फसले, तर गटाला पान देऊ नका. खारबंदिस्तीला एका जागी खांड गेली तरी सगळ्या शेतात खारे पाणी येते, तसेच इथे आहे.

१०. किल्ल्या बदलत राहा. या पद्धतीत खासगी किल्ली कोणाच्या हाती लागली, तर साठवून ठेवलेले जुने संदेशही उघडतात. सिग्नलची पद्धत सतत किल्ल्या बदलून हा धोका कमी करते. आपल्याला ते हाताने करावे लागेल. वाटाघाटीचा एक टप्पा संपला की सगळ्यांनी नव्या जोड्या करा, आकडे पुन्हा जुळवा, जुन्या किल्ल्या पुसा. कोणाचा फोन हरवला किंवा कोणी गट सोडला, तर त्याची सार्वजनिक किल्ली लगेच काढून टाका.

एक मर्यादा उरतेच. ब्राउझर पान दर वेळी सर्व्हरकडून घेतो, त्यामुळे सर्व्हरचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो पानातला कोड बदलून किल्ली पळवू शकतो. म्हणून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा, कोड गटातल्या दोघांनी वाचल्याशिवाय बदलू नका, आणि ज्याच्यावर गटाचा विश्वास नाही अशा कोणाच्या सर्व्हरवर हे चॅट ठेवू नका.

पहिला खरा निरोप पाठवण्याआधी सगळ्यांनी एकदा एकत्र बसा आणि प्रत्येकाचे सहा आकडे वाचून घ्या. त्या बैठकीला जो आला नाही, त्याला त्या दिवशी गटात घेऊ नका.