शंभर प्रतींचा गीतसंग्रह

पुस्तक छापावयाचे ते कोणी वाचावे म्हणून आणि ध्वनिमुद्रिका काढावयाची ती कोणी ऐकावी म्हणून, अशी आपणां सर्वांची साधी समजूत असते. परंतु २०१२ च्या डिसेंबर महिन्यात युरोपात चार तबकड्यांचा एक संच निघाला, तो या समजुतीला धक्का देणारा आहे. त्याच्या प्रती काढल्या अवघ्या शंभराच्या आसपास. वेष्टन साधे, तपकिरी. जाहिरातीचे नाव नाही. आणि गायक तर जगद्विख्यात : अमेरिकेचा कवि-गायक बॉब डिलन, ज्याला पुढे २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संच डिलनच्या उमेदवारीच्या काळातला आहे. १९६१ च्या जानेवारीत, विशी पुरी होण्यापूर्वीच, हा तरुण न्यूयॉर्क शहरात आला. मार्च १९६२ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तीतील तेरा गीतांपैकी त्याची स्वतःची केवळ दोन. बाकीची परंपरेने आलेली किंवा इतरांनी रचलेली. मे १९६३ मधील दुसऱ्या मुद्रिकेत मात्र बहुतेक गीते त्याची स्वतःची आहेत. मधल्या काळात काय घडले? त्याचे उत्तर या संचातील ८६ ध्वनिमुद्रणांत आहे. ती सारी १९६२ सालची. काही ध्वनिमुद्रणगृहात गाऊन बाजूस सारलेली, काही छोट्या उपाहारगृहांतील बैठकींची, काही स्नेह्यांच्या घरी टेपवर टिपलेली. ‘मिक्स्ड अप कन्फ्यूजन’ हे एकच गीत तो पुनःपुन्हा गातो, आणि तरी समाधान नाही! आमच्याकडे निबंधाच्या वह्या तपासावयास येतात, तेव्हा कच्च्या लिखाणाची पाने मुलांनी आधीच फाडून टाकलेली असतात. आम्हांला ती पानेच अधिक पाहावीशी वाटतात.

मग असा ठेवा शंभरच प्रतींत का? याचे कारण संचाच्या उपशीर्षकातच सांगून टाकले आहे. त्याचा अर्थ ‘स्वामित्वहक्काच्या मुदतवाढीचा संग्रह’ असा होतो. युरोपात ध्वनिमुद्रणावरील हक्क पन्नास वर्षे टिकत असे. २०११ साली युरोपीय संघाने प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांसाठी ही मुदत सत्तर वर्षांची केली. पण जे ध्वनिमुद्रण पन्नास वर्षे कपाटातच पडून राहिले, त्याला ही वाढ नाही. थोडे गणित करा. १९६२ ची टेप अप्रकाशित राहिली, तर २०१२ अखेर तिच्यावरील हक्क संपणार आणि कोणीही ती विकावी. तीच डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केली, की मोजणी प्रसिद्धीच्या वर्षापासून सुरू होऊन हक्क २०८२ पर्यंत लांबतो. ‘प्रसिद्ध’ म्हणावयास शंभर प्रती पुरेशा! पुढल्याच वर्षी १९६३ च्या गीतांचाही असाच संच निघाला, तोही शंभरच प्रतींचा.

कंपनीने कायदा मोडला असे कोणी म्हणू शकणार नाही. उलट तो तिने अक्षरशः पाळला. आपल्या ताब्यातील टेप भलत्याच माणसाने विकू नये, ही इच्छाही समजण्यासारखी आहे. परंतु वाढीव वीस वर्षे ज्या समाजाकडून मिळाली, त्या समाजाच्या हाती काय आले? अशा संचाची एखादी प्रत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवण्याची अट कायद्यात असती, तर व्यवहार अधिक चोख झाला असता, असे आमचे मत आहे.

आपल्या देशातही हा प्रश्न एकदा उभा राहिला होता, आणि तोही एका कवि-गायकाच्याच निमित्ताने. गुरुदेव रवींद्रनाथ १९४१ साली निवर्तले. त्याच वर्षी डिलन जन्मला. १९५७ च्या आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राहत असे, म्हणजे गुरुदेवांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता. तेव्हा ती मुदत साठ वर्षांची करण्यात आली. तेथे निदान गीते आधीच घरोघरी पोहोचलेली होती.

आता एक गोष्ट राहिली. १९६२ मध्येच डिलनने ‘ब्लोइंग इन द विंड’ हे आपले सर्वांत प्रसिद्ध गीत रचले. त्याची चाल ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या जुन्या गीतावरून सुचली, हे त्याने स्वतःच पुढे मान्य केले. माणसांचा लिलाव ज्या चौथऱ्यावर होई, त्या चौथऱ्यापासून सुटलेल्या निग्रो गुलामांचे ते गीत. आमच्या गोव्यात मांडावर धालो गाणाऱ्या बाया ते गीत कोणी रचले हे सांगू शकत नाहीत. कोणाच्या तरी आजीने म्हटले आणि पुढे चालले, एवढेच. त्या गुलामांच्या गीताचेही तसेच. ते प्रथम ज्याने म्हटले, त्याचे नाव कोणत्याच वेष्टनावर नाही.