अकराव्या वर्षी एवढी धावाधाव कशाला?

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा आहे. सॉकरच्या ट्रॅव्हल टीममुळे प्रत्येक शनिवार-रविवार तीन-चार तास गाडीतच जातात. थांबलो, तर कॉलेजच्या निवडीत तो मागे पडेल का? – एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, नाही पडणार. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या नियमानुसार डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वोच्च गटातल्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना दहावीच्या वर्षानंतरच्या 15 जूनपूर्वी खेळाडूशी निवडीबद्दल बोलताही येत नाही. एमएलएस नेक्स्ट ही मुलांची वरच्या दर्जाची सॉकर लीगसुद्धा 13 वर्षांखालील गटापासूनच सुरू होते. जवळपास तोडीचे संघ मिळत नाहीत म्हणून दूर जावं लागतं, असं मुलाचा क्लब म्हणेल. विरळ वस्तीच्या राज्यांत ते खरंही आहे, पण न्यू जर्सीत? पटत नाही. या वयात खेळ सुधारतो तो चेंडू पायाशी जास्त वेळ राहिल्यानं, आणि प्रवासात मुलगा शिनगार्डही न काढता मागच्या सीटवर पेंगत असतो. त्याला रात्रीची 9 ते 12 तास झोप हवी. आठवड्यात किमान एक दिवस खेळाला सुट्टी द्या, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही सांगतात. तेव्हा स्थानिक लीग निवडा, दूरच्या स्पर्धा वर्षाकाठी दोन-तीनच ठेवा. पुढच्या हंगामाची फी भरण्याआधी सामन्यांची ठिकाणं आणि मध्येच सोडल्यास पैसे परत मिळण्याचे नियम लेखी मागून घ्या. टाच किंवा गुडघा सतत दुखत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.