रस्ता ओलांडण्याचा पाठ

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. १९२४ साली त्रावणकोर संस्थानात वायकोमचा सत्याग्रह झाला, तो मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठीच. इतक्या कष्टाने मिळालेला हा हक्क आपल्या लेकरांनी सुखरूपपणे उपभोगावा, यासाठी रस्ता ओलांडण्याचे शिक्षण बालवयातच दिले पाहिजे.

सहा-सात वर्षांच्या मुलाला नियम पाठ होतो; परंतु ऐनवेळी तो आठवतोच असे नाही. म्हणून हा पाठ खेळातून घ्यावा. मैदानावर फक्कीने रस्ता आखावा आणि त्यावर आडवे पट्टे काढावेत. काही मुलांनी एसटी, ट्रक, रिक्षा व्हावे, काहींनी पादचारी. कडेला थांबावे, आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहावे आणि न धावता सरळ पलीकडे जावे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे कडेला उभे असताना सर्वांत जवळचे वाहन उजवीकडून येते, हे कारणही मुलांना सांगावे.

त्यानंतर भूमिका बदलाव्यात. धावत येणाऱ्या ‘ट्रक’ला शिट्टी वाजताच थांबायला सांगावे. तो दोन-चार पावले पुढे जातोच. वाहन जागच्या जागी थांबत नाही, हे मुलाला तेव्हा उमगते. उभ्या ‘एसटी’च्या आडून कोणी अचानक पुढे आले, तर चालकाला ते आधी दिसत नाही, हेही त्याला स्वतः चालक झाल्यावरच कळते.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग शेवटी घ्यावा. एका मुलीला ‘आई’ करून पलीकडे उभे करावे आणि तिला हाक मारायला सांगावे. शिकलेले सारे विसरून मूल धाव घेते की थांबते, हे तेथे समजते. निवासी शाळेतील मुले अनेक दिवस घरच्यांची वाट पाहत असतात. सुट्टीच्या दिवशी हाच प्रसंग खऱ्या रस्त्यावर उभा राहतो.

पालकांना म्हणूनच विनंती आहे की, पलीकडून हाक मारू नये. आपण स्वतः रस्ता ओलांडून यावे आणि लेकराचा हात धरावा. खेळात तरबेज झालेल्या लहान मुलालाही वाहनाच्या वेगाचा अंदाज येत नाही. तो येईपर्यंत त्याला एकटे सोडू नये.

तथागतांच्या अखेरच्या उपदेशात अप्रमादाला, म्हणजे सावधपणाला, स्थान आहे. मुलांना तो शिकवताना आपणही आचरावा.