बंद पडलेली दगडखाण आणि आपला हरभरा

भोपाळच्या टेकड्या विंध्यन वालुकाश्माच्या, तर भोवतालची काळी जमीन बहुतेक काळ्या पाषाणातून झालेली. शहराला दोन्ही दगड लागतात, म्हणून शेतांच्या कडेला खाणी निघाल्या. दगड संपला की खाण तशीच सोडतात. पाऊस वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पुढे आठ महिने तेथे तग धरतात ती रानबोर, खैर, पळस आणि कुसळी गवत. आपण या जागेला पडीक म्हणतो आणि उन्हाळ्यात काडी लावून मोकळे होतो. हे आम्हांला पटत नाही.

खाणीच्या कड्यावर, कपारीत किंवा सरळ जमिनीवर शृंगी घुबड अंडी घालते. ते काड्यांचे घरटे बांधत नाही. त्याची पिल्ले हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वाढतात, म्हणजे आपला हरभरा व गहू उभा असतो तेव्हाच. त्याच्या आहारात उंदरांचा वाटा मोठा. कड्याखाली केसांचे आणि हाडांचे गोळे पडलेले दिसतील. एखादा फोडून पाहावा, आत उंदराच्या कवट्या सापडतात. अशा पक्ष्याला अपशकुनी म्हणून दगड मारायचे, जादूटोण्यासाठी कोणी धरून नेले तरी गप्प बसायचे, हा कुठला व्यवहार? घुबड मारणे वा पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. उंदरांना ब्रोमाडिओलोन घालतानाही जपावे. ते खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला, तर घुबडही दगावू शकते.

बोरीची मुळे खाणीचा काठ धरून ठेवतात. कोल्हा बोरे खातो आणि त्याच्या विष्ठेतून बी दूरवर पडते. झुडपांत रोही दडतात आणि हरभरा खातात, हे खरे आहे. पण रान जाळल्याने रोही संपत नाहीत, शेजाऱ्याच्या शेतात जातात. त्यासाठी कुंपणच हवे. खाणीत पाणी साचले असेल, तर मुलांना पोहायला जाऊ देऊ नये.

काढायचीच असेल तर घाणेरी काढावी. तिचा पाला गुरांच्या यकृताला विषारी असतो. वरवर छाटल्यास ती पुन्हा फुटते. म्हणून फळे धरण्यापूर्वी मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटे तोडावे आणि झुडूप उलटे करून वाळू द्यावे. मोकळ्या जागी पहिल्या पावसात पळसाचे ताजे बी टोचावे. पळसाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत.