गांजा ओढलेले आजोबा आणि गाडी

प्रश्न : मुलाकडे टोरांटोला राहून आलो. शेजारचे सत्तरीचे गृहस्थ गुडघेदुखीसाठी गांजा ओढतात आणि खुशाल गाडी काढतात. ‘पोरांचं वेगळं, माझा हात बसलेला आहे,’ म्हणतात. वयाने खरंच फरक पडतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पडतो, पण आजोबा समजतात तसा नाही. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा ओढणं कायदेशीर आहे. ओढून गाडी चालवणं नाही. त्यांच्याच टोरांटोत ६५ ते ७९ वयाच्या ३१ चालकांवर प्रयोग झाला. गांजा ओढल्यावर अर्ध्या तासाने त्यांना सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या रस्त्यावर गाडी चालवायला दिली. त्यांनी वेग कमी केला, तरीही गाडी लेनमध्ये डावी-उजवीकडे झुलत राहिली. बसलेला हात तिथे कामाला आला नाही. तीन तासांनी गाडी सरळ चालू लागली, पण मंडळी तेव्हाही गाडी चालवायला फारशी राजी नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या प्रयोगात २१ ते ५५ वयाचे, नियमित ओढणारे १९१ जण होते. तिथे उलटं दिसलं. दीड तासानंतर त्यांची गाडी चालवायची तयारी वाढू लागली, चालवणं मात्र सुधारलेलं नव्हतं. ते ताळ्यावर यायला साधारण साडेचार तास लागले. दोन्ही प्रयोगांची मांडणी निराळी असल्याने आकड्याला आकडा भिडवू नये. मला मात्र यातून एवढं दिसतं, की वयाने हात पक्का राहिला नाही, सावधपणा तेवढा होता. तुमच्या शेजाऱ्यांकडे नेमका तोच दिसत नाही. त्यातून ते रात्री झोपेची गोळी घेत असतील तर गुंगीत भरच.

रक्त तपासून कळेल म्हणावं, तर तेही अवघड. कॅनडाच्या कायद्यात गांजातल्या नशेच्या द्रव्यासाठी रक्ताच्या मिलिलीटरमागे २ आणि ५ नॅनोग्रॅमच्या मर्यादा आहेत, पण टोरांटोच्या प्रयोगात रक्तातलं प्रमाण आणि गाडीचं झुलणं यांचा मेळ बसला नाही.

आणि हे सगळे तास ओढण्याचे आहेत. आपल्याकडे होळीला थंडाईतून भांग घेणाऱ्यांना ते लागू नाहीत. पोटातून गेलेली नशा चढायलाच कधी तास, कधी दोन तास घेते. तोवर माणूस ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत स्कूटरला किक मारून मोकळा झालेला असतो.