लोखंड न वितळतां इमारत कां पडते?

लालबाग-परळच्या एखाद्या लोहारशाळेंत भात्यासमोर जो उभा राहिला आहे, त्यास हें सांगावयास नको कीं, लोखंड वांकविण्यासाठीं तें वितळावें लागत नाहीं. लाल झालें म्हणजे पुरे. पोलाद वितळण्यास सुमारें १५०० अंश उष्णता लागते आणि घरास लागलेली आग सहसा १००० अंशांपलीकडे जात नाहीं, हें खरें. परंतु ६०० अंशांच्या सुमारासच पोलादाची निम्म्याहून अधिक शक्ति गेलेली असते. शिवाय तापलेली तुळई लांबते व आपल्या जोडांस ढकलूं लागते.

न्यूयॉर्क येथें ११ सप्टेंबर २००१ रोजीं विमानें आदळून दोन मनोरे पडले, तेव्हां शेजारची ४७ मजली सातव्या क्रमांकाची इमारतही सायंकाळीं कोसळली. तिला विमान लागलेंच नव्हतें. तेव्हां आंत सुरुंग पेरले होते, अशी वार्ता जगभर पसरली. अमेरिकेच्या सरकारी मानक-संस्थेनें २००८ सालीं आपला निर्णय दिला. मनोऱ्याच्या ढिगाऱ्यानें लागलेली आग सुमारें सात तास जळत राहिली, तुळया प्रसरण पावल्या, एक मोठी तुळई आधारावरून सरकली, मजले खचले आणि ७९ क्रमांकाचा खांब एकाकी पडून वांकला. पडतांना सुमारें सव्वादोन सेकंद इमारतीस कांहींच अडथळा झाला नाहीं, ही गोष्ट संस्थेनेंही मान्य केली आहे. संशयी लोक तिच्यावरच बोट ठेवतात. पण खांब वांकल्यावर अडविणार कोण?

सुरुंग उडाला म्हणजे काय होतें, हें आमच्या शहरास ठाऊक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापसास आग लागली. त्याच जहाजांत सुमारें १४०० टन स्फोटक माल होता. हें जपान्यांचें कृत्य, अशी अफवा उठली. कोणीं केलें याविषयीं वाद झाला. स्फोट झाला कीं नाहीं, याविषयीं झाला नाहीं. कित्येक मैलांवरच्या कांचा फुटल्या होत्या! न्यूयॉर्कच्या त्या इमारतीजवळ मात्र तसा आवाज कोणत्याही ध्वनिमुद्रणांत सांपडला नाहीं.

आगीवांचूनही लोखंड दगा देतें. काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलचा सांगाडा इंग्लंडांत ओतून १८६० नंतरच्या दशकांत येथें आणला गेला. २००५ सालीं त्याच्या सज्जाचा भाग पडून एक मनुष्य दगावला. पावसाळा व हेळसांड यांस सुरुंगाची गरज नसते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि भोंवतालचा गिलावा फोडून बाहेर येतो. गिरगांवांत चाळ पडली कीं मालकानेंच पाडविली, अशी कुजबुज होते. क्वचित् ती खरीही असेल. परंतु प्रथम पाहावयाची ती मोरीखालची तुळई आणि तिच्यावरून उतरलेला तांबूस ओघळ.